समुद्रातला क्रॉस आणि त्याच्या मागचा डोंगर : कामिगीन बेट सोप्या भाषेत

फिलिपिन्सच्या कामिगीन बेटाचा एक फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असणार, बेटाचं नाव लक्षात नसेल एवढंच. शांत पाणी, किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रातच बांधलेला एक चौथरा, त्यावर भलामोठा क्रॉस आणि मागे सूर्य मावळतोय. खाली लिहिलेलं असतं की इथली दफनभूमी पाण्याखाली गेलीये. मग पहिला प्रश्न येतो की त्सुनामी आली होती का, आणि कुणीतरी ठामपणे सांगतं की नाही नाही, लाव्ह्याखाली गाडली गेली. दोन्ही उत्तरं चुकतात, आणि खरं जे झालं ते समजून घ्यायचं तर तो डोंगर समजून घ्यावा लागतो, कारण या बेटावर बघण्यासारखं, खाण्यासारखं आणि घाबरण्यासारखं जे जे आहे ते जवळपास सगळं डोंगरानंच केलंय. मला हे बेट फार आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा बघू. फिलिपिन्सच्या नकाशात तळाला मिंडानाव नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यापासून साधारण १० किलोमीटरवर बोहोल समुद्रात कामिगीन आहे. (उत्तरेला लुझोन बेटाच्या वर याच नावाचं अजून एक छोटं बेट आहे, सर्च करताना घोळ होतो, ते वेगळं.) क्षेत्रफळ सुमारे २३८ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते त्याच्या निम्म्याहून कमी, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९२,८०८. एवढंसं असूनही हा स्वतंत्र प्रांत आहे, १९६६ पासून, त्याआधी समोरच्या मिसामिस ओरिएंटल प्रांताचा भाग होता. बेटाला गोल वळसा घालणारा रस्ता ६४ किलोमीटरचा, त्यावर ५ गावं, म्हणजे त्यांच्या भाषेत म्युनिसिपालिटी: मंबाहाव, माहिनोग, गिनसिलिबान, सागाय आणि कातारमान. मंबाहाव ही राजधानी. स्पेलिंग बघून आपण मंबाजाओ वाचतो पण स्पॅनिश पद्धतीनं त्यातल्या 'ज'चा 'ह' होतो.

तिथले लोक अभिमानानं सांगतात की आमच्याकडे गावं ५ आणि ज्वालामुखी ७. सातही धुमसतायत असं समजू नका, त्यातले बरेच आता झाडीनं भरलेले जुने डोंगर आहेत, पण अख्खं बेटच ज्वालामुखींनी समुद्रातून वर आणलेलं आहे हे मात्र अगदी खरं. सध्या ज्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं तो हिबोक-हिबोक, उंची १,३३२ मीटर, मंबाहावच्या डोक्यावरच उभा. बेटाचं नाव कामागोंग नावाच्या झाडावरून पडलं असं मानतात. हे काळ्याभोर, जड लाकडाचं झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं आहे.

आता १८७१ कडे येऊ, कारण क्रॉसची गोष्ट तिथून सुरू होते.

त्या काळी कातारमान हे बेटावरचं महत्त्वाचं गाव होतं. स्पॅनिश लोकांची बेटावरची पहिली वस्ती १५९८ मध्ये गिनसिलिबानला झाली, तिथे दक्षिणेकडून येणाऱ्या समुद्री हल्लेखोरांवर नजर ठेवायला बांधलेला दगडी टेहळणी बुरूज अजून आहे, आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर कातारमान वाढलं. चर्च, पाद्र्यांचा मठ, दफनभूमी, समुद्रकाठची घरं. १६ फेब्रुवारी १८७१ ला धक्के बसायला लागले आणि ते थांबेचनात. एक दिवस नाही, आठवडा नाही, अडीच महिने जमीन हलत राहिली, जोर वाढत गेला, आणि ३० एप्रिलला गावापासून अगदी जवळ, काहीशे मीटरवर, जमीन फाटली आणि आतून ज्वालामुखी बाहेर पडायला सुरुवात झाली. लक्षात घ्या, हिबोक-हिबोकच्या माथ्यातून नाही, पायथ्याशी, कुशीतून. गाव उद्ध्वस्त झालं, लोकांनी जागा सोडली आणि नंतर थोडं लांब नवीन कातारमान वसवलं. जुन्या गावाच्या जागेला आज बोनबोन म्हणतात.

आणि त्या फटीपाशी पुढची ४ वर्षं एक नवीन टेकडी वाढत राहिली. अक्षरशः शून्यातून. १८७५ च्या जानेवारीत ब्रिटनचं 'चॅलेंजर' नावाचं समुद्र-संशोधनाचं जहाज तिथे पोचलं तेव्हा त्यावरच्या अभ्यासकांनी नोंद केली की घुमटासारखी टेकडी आहे, उंची सुमारे १,९५० फूट, तोंड म्हणजे विवर काही दिसत नाही, पण माथ्यावर अजून धूर आणि लालबुंद धग आहे. हीच आज 'ओल्ड व्होल्कॅनो' किंवा माउंट व्हल्कन म्हणून दाखवतात. नाव 'ओल्ड' असलं तरी बेटावरच्या सगळ्या डोंगरांत वयानं हीच सगळ्यात लहान, दीडशे वर्षांची.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लाव्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल नदी वाहताना येते. तसा लाव्हा असतो, आणि आपला सह्याद्री त्याच जातीच्या पातळ लाव्ह्याचा बनलाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो फटींतून येऊन लांबच लांब पसरला, थरावर थर बसले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि वरून सपाट दिसतात. कामिगीनचा लाव्हा वेगळा, घट्ट आणि चिकट. घरात लाडूचा पाक केलेला असेल तर हे लगेच कळेल. एकतारी पाक ताटात ओतला की सरकत सरकत कडेपर्यंत जातो, पण गोळीबंद पाक टाकला तर जिथे टाकला तिथेच ढीग होऊन बसतो. कातारमानला हेच झालं, घट्ट लाव्हा वर येत राहिला, फार लांब वाहू शकला नाही, स्वतःच्याच अंगावर साचत गेला आणि टेकडी झाली. अशा ढिगाला लाव्हा डोम म्हणतात, म्हणजे घुमट.

चिकटपणाचा दुसरा परिणाम जास्त धोकादायक. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात वाफ आणि वायू विरघळलेले असतात. पाणी उकळताना बुडबुडे निमूट येऊन फुटतात पण घट्ट पिठलं रटरटतं तेव्हा बुडबुडा आत अडकतो, फुगतो आणि फट् करून उडतो, हातावर चटका बसतो तो त्याच्यामुळे. चिकट लाव्ह्यात वायू असाच कोंडतो, आणि वर थंड होऊन घट्ट झालेला घुमट झाकणासारखा बसलेला असतो. मग कधीतरी झाकण फुटतं किंवा घुमटाची एक बाजू ढासळते. हे पुढे १९५१ ला लागणार आहे, लक्षात ठेवा.

दफनभूमीचं काय झालं? ती किनाऱ्यालगत होती. महिनोन्महिने धक्के बसून तो भाग खचला, समुद्रसपाटीच्या खाली गेला आणि पाणी आत आलं. म्हणजे समुद्र चढला नाही, लाव्हा येऊन बसला नाही, जमीन खाली बसली. ज्वालामुखीच्या आसपास असं होऊ शकतं, खालचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जागा बदलतो, वरची सैल, राखेमातीची जमीन हादऱ्यांनी दाबली जाते, किनाऱ्याचा आधार सुटतो. १९८२ मध्ये त्या जागेची खूण म्हणून समुद्रात तो मोठा क्रॉस उभारला. आता तिथे लोक होडीतून जातात, पाण्यात उतरून बघतात, खाली प्रवाळ वाढलंय, मासे फिरतात. फोटो काढताना एवढं मनात असू द्यावं की खाली कुणाचे तरी आजी-आजोबा, पणजोबा आहेत, आणि त्यांच्या वंशातली माणसं त्याच बेटावर राहतात.

क्रॉसपासून थोड्याच अंतरावर जुन्या चर्चचे अवशेष आहेत, गिओब चर्च म्हणतात. प्रवाळाच्या दगडांच्या जाड भिंती, छप्पर नाही, भिंतींवर शेवाळ आणि वेली, आत हिरवळ, मोठाली झाडं. मला विचाराल तर क्रॉसपेक्षा ही जागा जास्त बोलते. क्रॉस ही नंतर केलेली खूण आहे पण या भिंती त्या उद्रेकाच्या वेळीही तिथेच होत्या.

कातारमान पडलं आणि बेटाचा भार मंबाहाववर आला. हे गाव १८५५ मध्ये औपचारिकपणे वेगळं झालेलं होतं. नावामागची कथा मला फार गोड वाटते, 'बाहाव' म्हणजे आदल्या दिवशीचा उरलेला भात आणि 'मामाहाव' म्हणजे सकाळी तो खाऊन न्याहारी करणं, त्यावरून मंबाहाव असं सांगतात. सकाळी शिळा भात परतून खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे नाव एकदा ऐकलं की विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंबाहाव उत्तर मिंडानावमधलं सगळ्यात गजबजलेलं बंदर होतं. माल मुख्यतः आबाका, म्हणजे केळीच्या जातीचंच एक झाड, ज्याच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचे जहाजाचे दोरखंड व्हायचे, जगभर त्याला मनिला हेम्प म्हणत. त्या पैशांतून बांधलेली जुनी लाकडी घरं मंबाहावमध्ये अजून काही शिल्लक आहेत, वरचा मजला लाकडाचा, मोठ्या सरकत्या खिडक्या, खालून हवा.

राजकारणाचा इतिहास मी पटकन सांगतो कारण तो फिलिपिन्सच्या बाकी भागासारखाच आहे. स्पेन गेलं, अमेरिका आली, १९०१ मध्ये अमेरिकन सैनिक बेटावर उतरले तेव्हा वालेरो कामारो नावाच्या माणसाच्या मागे काही गावकरी कोयते आणि भाले घेऊन कातारमानला उभे राहिले. बंदुकांपुढे ते फार टिकणार नव्हतेच, कामारो गोळी लागून मेला. १९४२ मध्ये जपानी आले, मंबाहावला त्यांनी आपलं ठाणं केलं, आणि गनिमी लढवय्यांचा राग गावावर काढत मंबाहावचा मधला भाग जाळला. १९४५ ला युद्ध संपलं, लोकांनी घरं परत बांधायला घेतली, आणि ३ वर्षांत डोंगर जागा झाला.

हिबोक-हिबोक १९४८ च्या सप्टेंबरपासून धुमसत होता. मध्ये शांत व्हायचा, परत सुरू व्हायचा, माथ्याजवळ घट्ट लाव्ह्याचा घुमट वाढायचा, कधी त्यातून लाल गरम दगड घरंगळायचे. लोकांना सवय झाली, आणि सवय होणं अगदी साहजिक आहे, शेत तिथे, घर तिथे, नारळ तिथे, जाणार कुठे? ४ डिसेंबर १९५१ च्या सकाळी तो फुटला आणि डोंगराच्या ईशान्य उतारावरून गरम राख, वायू आणि दगडांचा लोट मंबाहावच्या बाजूच्या वस्त्यांवर खाली आला. किमान ५०० माणसं गेली, काही ठिकाणी याहून बराच मोठा आकडा सांगितला जातो.

हा लोट म्हणजे काय ते कळलं पाहिजे, कारण लाव्हा नदीपासून माणूस चालत जाऊनही वाचू शकतो पण याच्यापासून पळूनही वाचता येत नाही. घुमट ढासळला की आत कोंडलेला वायू एकदम सुटतो, खडकाचा भुगा होतो, आणि भुगा, राख, वायू असं सगळं मिळून एक ढग तयार होतो जो हवेपेक्षा जड असतो म्हणून वर न जाता जमिनीला चिकटून उताराला लागतो. दरड कोसळताना धुळीचा लोट खाली येताना व्हिडिओत बघितलाय ना, तसंच, फक्त तापमान काहीशे अंश सेल्सिअस आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. अशा उद्रेकाला पेलियन प्रकार म्हणतात, कारण १९०२ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले फुटला तेव्हा सेंट पिअर हे अख्खं शहर अशाच लोटानं काही मिनिटांत संपलं होतं. म्हणजे जगाला हा प्रकार अर्धं शतक आधीपासून माहीत होता. हिबोक-हिबोकच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला मात्र तो कुणी नीट सांगितलेला नव्हता, आणि सतत डोंगराकडे बघत बसणारी, लोकांना वेळेत हलवणारी कायमची यंत्रणा देशातच नव्हती. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात जास्त लागतं.

ती यंत्रणा या मृत्यूंनंतर आली. १९५२ मध्ये फिलिपिन्सनं कायदा करून ज्वालामुखी आयोग स्थापन केला, त्याचीच पुढे फिव्होल्क्स ही संस्था झाली जी आज देशभरातले ज्वालामुखी आणि भूकंप बघते. १९९१ मध्ये लुझोनवरचा पिनातुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा याच संस्थेच्या आणि अमेरिकन शास्त्रज्ञांच्या इशाऱ्यावरून हजारो माणसं आधीच हलवली होती, तिथवर येणाऱ्या रस्त्याची सुरुवात मंबाहावच्या त्या सकाळी आहे. हिबोक-हिबोकवर आजही मंबाहावमधल्या वेधशाळेतून लक्ष ठेवतात. १९५३ नंतर तो शांत आहे.

पण माणसं निघून गेली होती. उद्रेकाच्या त्या वर्षांत बेटाची लोकसंख्या जवळपास निम्म्यावर आली, बरीच कुटुंबं मिंडानावला जाऊन स्थायिक झाली आणि तिकडचीच झाली. म्हणून फिलिपिन्समध्ये कितीतरी ठिकाणी असे लोक भेटतात ज्यांचे आजोबा कामिगीनचे. ऑक्टोबरमध्ये यातले बरेच जण परत येतात.

ऑक्टोबर म्हणजे लान्सोनेस.

लान्सोनेस हे फळ आपल्याकडे फारसं मिळत नाही म्हणून सांगतो. लिंबापेक्षा जरा लहान, मातकट पिवळ्या रंगाचं, द्राक्षासारखे घड, पण घड लटकतात थेट खोडातून आणि जाड फांद्यांतून, फणसासारखे. साल चिमटून उघडायची, थोडा चीक लागतो बोटांना, आत लसणीसारख्या पाकळ्या, अर्धपारदर्शक, गोड आणि हलक्या आंबट. मोठ्या पाकळीत बी असते आणि ती भयंकर कडू, कारण हे झाड कडुनिंबाच्या कुळातलं आहे. सालं वाळवून जाळली की धुरानं डास पळतात, हेही तिथे पूर्वापार करतात, आणि कडुनिंबाचा पाला जाळणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटायचं कारण नाही.

कडू कुळातलं झाड गोड कसं झालं याची लोककथा आहे. पूर्वी हे फळ विषारी होतं म्हणे, फिलिपिनो भाषेत 'लासोन' म्हणजे विष आणि नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. मग एक सुंदर बाई आली, कुणी तिला वनदेवी म्हणतं, कुणी मेरी माता, तिनं फळ बोटांनी चिमटलं आणि विष निघून गेलं, पाकळीवर खुणा दिसतात त्या तिच्या बोटांच्या. ही कथा फिलिपिन्सच्या इतर भागांतही सांगतात पण कामिगीनचे लोक ती आपलीच मानतात.

कामिगीनचा लान्सोनेस देशात सगळ्यात गोड अशी ख्याती आहे, इतकी की दूरदूरच्या बाजारात दुसरीकडचा मालही 'कामिगीन' म्हणून विकला जातो. देवगड हापूसच्या पेट्यांचं काय होतं ते आपण दर एप्रिलमध्ये बघतो, तेच. गोडीचं कारण विचारलं तर तिथला कुणीही डोंगराकडे बोट दाखवतो, आणि त्यात तथ्य आहे. ज्वालामुखीची राख झिजून जी माती होते ती भुसभुशीत असते, पाणी धरून ठेवते पण मुळाशी तुंबू देत नाही, आणि खडकातली खनिजं झाडाला मिळत राहतात. त्यात लान्सोनेसला सावली आवडते, म्हणून नारळाच्या बागेत खाली ही झाडं लावतात, वर नारळ, खाली लान्सोनेस, एकाच जमिनीत दोन उत्पन्नं. फक्त धीर लागतो, बी लावून झाड फळावर यायला १० वर्षांहून जास्त लागू शकतात. म्हणजे आजोबांनी लावायचं आणि नातवानं काढायचं असं काम.

फळ उतरतं साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मंबाहावला लान्सोनेस फेस्टिव्हल असतो. घरांच्या दारांवर, खांबांवर, दुकानांवर घड बांधलेले, रस्त्यावर नाच, ड्रम, पोरंपोरी फळांचे आणि पानांचे पोशाख घालून, गावागावांची पथकं एकमेकांशी स्पर्धा करतात. या पथकांसाठी महिना-महिना तालीम चालते. देवाचा सण नाही, पिकाचा सण आहे, आणि मला वाटतं लोकांना परत खेचून आणायला देवळापेक्षा कधीकधी पीक जास्त उपयोगी पडतं, कारण ते वर्षातून एकदाच येतं आणि थांबत नाही.

आता फिरायच्या जागा, पण कारणांसकट. बेटावर गरम पाण्याची कुंडं आहेत, आर्डेंट नावाचं प्रसिद्ध, मंबाहावजवळ जंगलात, आणि कातारमानकडे सांतो निन्यो नावाचं थंडगार झऱ्याचं कुंड. एका बेटावर दोन्ही कसं? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, जे खोल जाऊन गरम खडकाच्या आसपास फिरून येतं ते ऊन होऊन निघतं, जे वरच्या वर खडकाच्या भेगांतून लवकर बाहेर पडतं ते थंडच राहतं. आणि ज्वालामुखीचे डोंगर मुळात स्पंजसारखे, भेगा आणि पोकळ्या भरपूर, म्हणून एवढ्याशा बेटावर झरे आणि धबधबे बक्कळ. कातिबावासान धबधबा साधारण ७० मीटरचा, सरळ कड्यावरून खाली. कातारमानच्या बाजूला तुआसान. दोन्हीत वेळ एकाच ठिकाणी द्यायचा असेल तर कातिबावासानला द्या, सकाळी लवकर.

व्हाइट आयलंड ही सगळ्यात जास्त गर्दी खेचणारी जागा. मंबाहावच्या किनाऱ्यासमोर समुद्रात एक पांढऱ्या वाळूची पट्टी, घोड्याच्या नालेसारखी वाकलेली, एक झाड नाही, एक घर नाही. भरती-ओहोटीप्रमाणे तिचा आकार बदलतो. गंमत रंगात आहे, कामिगीनच्या मुख्य किनाऱ्यांची वाळू बहुतेक काळपट, कारण ती ज्वालामुखीच्या खडकाचा चुरा आहे, आणि समोरची ही पट्टी पांढरीशुभ्र, कारण ती प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा. पट्टीवर उभं राहून मागे बघितलं की हिबोक-हिबोक समोर, आणि पायाखाली त्याच्याशी संबंध नसलेली वाळू. सावली अजिबात नाही, उन्हाआधी जाऊन यावं. माहिनोगसमोरचं मांतिगे बेट याच्या उलट, झाडीवालं, जेमतेम ४ हेक्टरचं, आणि पाण्याखाली बघायचं असेल तर ते चांगलं. गिनसिलिबानच्या कांतानला महाकाय शिंपल्यांचं संवर्धन करतात, माणसाच्या मिठीत न मावणारे शिंपले.

डोंगरावरच्या जंगलाबद्दल फार कमी लोक बोलतात. कामिगीनभोवती समुद्र खोल आहे, हिमयुगात पाणी खाली गेलं तेव्हाही हे बेट मिंडानावला जोडलं गेलं नाही, त्यामुळे जे प्राणी-पक्षी कसेबसे इथे पोचले ते इथेच वेगळे होत गेले. छोटा हिरवा लटकणारा पोपट, एक घुबड, जंगली उंदीर, अशा काही जाती जगात फक्त याच बेटावर आहेत, आणि तो पोपट वेगळी जात म्हणून २००६ मध्ये नोंदला गेला. टिंपूंग नावाचा दुसरा डोंगर आणि हिबोक-हिबोक यांच्यावरचं जंगल आता संरक्षित आहे. ते नुसतं पोपटासाठी नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये वादळाच्या पावसानं माहिनोगच्या बाजूला उतार सुटले, दगडमाती आणि झाडं वस्तीवर आली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. माळीण, तळीये, इर्शाळवाडी बघितलेल्या आपल्या राज्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. सैल माती, तीव्र उतार, एका रात्रीत पडलेला पाऊस. उतारावरची मुळं माती धरून ठेवतात, एवढी साधी गोष्ट आहे.

खाण्यात पास्तेल घ्याच, मऊ गोड पाव आणि आत अंडं-दुधाचं घट्ट पिवळं सारण, बेटावरून परत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याचा खोका असतो. किपिंग म्हणजे कसाव्याची पातळ कुरकुरीत पापडी, वर नारळ-गुळाचा पाक. सुरोल म्हणजे गावठी कोंबडी नारळाच्या दुधात, कोकणी माणसाला लगेच जमेल. शाकाहारी लोकांनी मात्र भात, भाज्या आणि फळांवर राहायची तयारी ठेवावी आणि मासळीचा सॉस कशात आहे ते विचारून घ्यावं.

एक गोष्ट टूरिस्ट पॅकेजमध्ये बसत नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, गुरुवार-शुक्रवारी, लोक पायी सगळं बेट फिरतात, पूर्ण ६४ किलोमीटर. याला पानाआद म्हणतात, म्हणजे नवस, बोललेला शब्द. समोरच्या मिंडानाववरूनही बोटी भरून माणसं येतात. कुणी रात्रभर चालतं, कुणी अनवाणी, म्हातारी माणसं थांबत थांबत. वाटेत ओल्ड व्होल्कॅनोवर चढायचं, त्या वाटेवर येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे दाखवणारे मोठे पुतळे आहेत, प्रत्येकापाशी प्रार्थना. परिक्रमा माहीत असलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. आणि विचार करा, ज्या टेकडीनं गाव खाल्लं तिच्याच अंगावर पायऱ्या करून लोक गुडघे टेकतात, वरून खाली बघितलं की समुद्रात क्रॉस दिसतो.

जायचं कसं ते शेवटी. सेबूहून मंबाहावला छोटं विमान असतं. नाहीतर मनिला किंवा सेबूहून मिंडानाववरच्या कागायान दे ओरो शहराला उतरायचं, बसनं बालिंगोआन बंदर गाठायचं आणि फेरीनं साधारण तास-सव्वातासात माहिनोगचं बेनोनी बंदर. बोहोल बेटाच्या हाग्ना बंदरातूनही बोट असते पण ती रोजची आहे का ते आधी विचारा, आणि वादळाच्या दिवसांत एखादा दिवस हातात जास्तीचा ठेवा, समुद्र खवळला की फेऱ्या बंद करतात आणि करायलाच हव्यात. बेटावर फिरायला स्कूटर भाड्यानं मिळते, किंवा मोटोरेला, आपल्या सहा सीटर रिक्षासारखी. २ दिवसांत धावपळीत होतं, ३ दिवस असले तर बोनबोनच्या त्या चर्चच्या भिंतींपाशी निवांत बसता येतं. ऑक्टोबरमध्ये गेलात तर राहायची जागा खूप आधी बुक करा, लान्सोनेस रस्त्यावरच्या ताईकडून किलोनं घ्या, ती एक चाखायला देईल, आणि मोठी पाकळी खाताना बी चावू नका.